नोंदींची मुदत

सर्व्हर म्हणून चालणारे कोणतेही लिनक्स यंत्र आपल्या मुख्य कामाच्या जोडीने आणखी एक काम अखंड करीत असते, आणि ते म्हणजे स्वतःविषयी लिहिणे. संकेतस्थळाचे पान कोणत्या पत्त्यावरून उघडले गेले, ईमेल कोणत्या मार्गाने पुढे गेला, कोणाचा पासवर्ड चुकला, डिस्कचा कोणता भाग वाचताना अडथळा आला, मध्यरात्रीची ठरलेली कामे केव्हा सुरू झाली आणि केव्हा संपली, या सगळ्याची एकेक ओळ तारीख-वेळेसह फाइलींत जमा होत राहते. या फाइलींना लॉग फाइल किंवा नुसते लॉग म्हणतात, आणि त्या बहुधा 'व्हार' या डिरेक्टरीच्या आत असलेल्या 'लॉग' नावाच्या डिरेक्टरीत ठेवलेल्या असतात. यंत्र चालू असताना जिचा आकार सतत बदलत राहतो, अशा सामग्रीसाठी ही जागा डिरेक्टरींची रचना ठरवणाऱ्या प्रमाणकानेच राखून ठेवली आहे. हा बदल बहुतेक वेळा वाढीच्याच दिशेने होतो, कारण लिहिण्याची सोय प्रत्येक प्रोग्रॅम सोबत घेऊन येतो, पुसण्याची जबाबदारी मात्र त्यांपैकी फारच थोडे प्रोग्रॅम स्वतःकडे घेतात. त्यामुळे जुन्या लॉगची साफसफाई हा वरवर झाडलोटीचा वाटणारा विषय प्रत्यक्षात एका अवघड निर्णयाचा विषय ठरतो: कोणती नोंद किती काळ जगू द्यायची, आणि हे ठरवायचे कोणी.

या नोंदींना आजचे वळण मिळाले ते १९८० च्या दशकात, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली येथील शाखेत. एरिक ऑलमन यांनी 'सेंडमेल' हा ईमेल वाहून नेणारा प्रोग्रॅम लिहिताना त्याच्या नोंदींसाठी 'सिसलॉग' ही स्वतंत्र सेवा तयार केली. या सेवेमागची कल्पना साधी आणि दूरवर पोहोचणारी होती: प्रोग्रॅमने काय घडले तेवढे सांगावे, ते कोठे लिहायचे, कोणाला कळवायचे आणि लिहायचे की नाही, हे दुसऱ्या कोणीतरी ठरवावे. त्यासाठी प्रत्येक संदेशावर दोन खुणा असतात. पहिली खूण संदेश यंत्रणेच्या कोणत्या विभागातून आला ते सांगते, आणि दुसरी त्याचे गांभीर्य सांगते. गांभीर्याच्या शून्य ते सात अशा आठ पायऱ्या आहेत; शून्य म्हणजे यंत्र वापरण्याजोगे उरलेले नाही, तीन म्हणजे चूक झाली, चार म्हणजे इशारा, आणि सात म्हणजे 'डीबग', अर्थात दोष शोधणाऱ्या प्रोग्रॅमरच्या उपयोगाचा बारीकसारीक तपशील. ही उतरंड पाहिली, की साफसफाईचा प्रश्न जणू लिहितानाच सुटला असे वाटते, कारण वरच्या पायऱ्यांचे जपावे आणि खालच्या पायऱ्यांचे टाकावे, एवढाच नियम पुरेसा भासतो.

तो पुरेसा का नाही, हे एका ओळीवरून स्पष्ट होते. सार्वजनिक इंटरनेटवर उभ्या असलेल्या यंत्रावर दुरून प्रवेश देणारी 'एसएसएच' ही सेवा चालू असेल, तर प्रवेशाच्या नोंदींच्या फाइलीत अशी ओळ सापडतेच: आरंभी महिना, दिवस आणि वेळ, नंतर यंत्राचे नाव, मग सेवेचे नाव व चौकटी कंसात तिचा प्रोसेस क्रमांक, आणि शेवटी मजकूर, की 'ॲडमिन' या अस्तित्वात नसलेल्या खात्यासाठी अमुक पत्त्यावरून, अमुक पोर्टवरून चुकीचा पासवर्ड आला. अशा ओळी रोज हजारोंनी साचतात, कारण जगभरातील स्वयंचलित प्रोग्रॅम दिसेल त्या यंत्राचे दार ढकलून पाहत असतात, आणि तेवढ्यापुरती त्या ओळीची किंमत शून्यच असते. परंतु त्याच पत्त्यावरून काही मिनिटांनी, किंवा काही आठवड्यांनी, पासवर्ड स्वीकारला गेल्याची एकच ओळ आली, तर आधीच्या सगळ्या क्षुल्लक ओळी त्या क्षणी पुरावा होतात. घुसखोर केव्हापासून प्रयत्न करीत होता, कोणकोणती नावे आजमावत होता, हे फक्त त्याच सांगू शकतात. नोंदीचे मोल अशा रीतीने नोंदीनंतर ठरते, आणि लिहितेवेळी लावलेली गांभीर्याची खूण त्या मोलाचा केवळ अंदाज असते. म्हणूनच कोणतीही ओळ काढून टाकणे हा भविष्यात विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांविषयीचा एक जुगार असतो.

हा जुगार टाळून सर्वच जपावे, तर अंकगणित आडवे येते. एखाद्या मध्यम वर्दळीच्या सेवेने सेकंदाला ५० ओळी लिहिल्या आणि प्रत्येक ओळ सरासरी २०० बाइटची धरली, तर दिवसाकाठी ८६ कोटी ४० लाख बाइट जमा होतात. २० जीबीची मोकळी जागा या वेगाने तेवीस-चोवीस दिवसांत संपते. दोष शोधण्यासाठी कोणीतरी डीबगची पायरी चालू केली आणि काम झाल्यावर ती बंद करायची राहून गेली, तर तीच जागा एका दिवसात किंवा एका रात्रीतही भरू शकते. भरलेल्या डिस्कचे परिणाम लॉगपुरते मर्यादित राहत नाहीत. डेटाबेसला नवी नोंद लिहिता येत नाही, आलेले ईमेल ठेवायला जागा उरत नाही, तात्पुरत्या फाइली तयार न झाल्याने ज्यांचा लॉगशी काही संबंध नाही असे प्रोग्रॅमही कोलमडतात, आणि हे सगळे का घडले याची नोंद करायलाच नेमकी जागा नसते. लिनक्सवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या 'एक्स्ट४' या फाइलव्यवस्थेत पाच टक्के जागा 'रूट' या सर्वाधिकारी खात्यासाठी मुळातच राखलेली असते, ती अशाच प्रसंगी व्यवस्थापकाला यंत्रात शिरून हालचाल करता यावी म्हणून.

अशा वेळी घाईने दिलेली पहिली कमांड बहुधा फाइल काढून टाकणारी 'आरएम' असते, आणि ती अनेकदा निष्फळ ठरते. समजा, चालू असलेल्या सेवेची १८ जीबीची लॉग फाइल या कमांडने काढली. ती डिरेक्टरीच्या यादीतून दिसेनाशी होते. फाइलींनी अडवलेल्या जागेची बेरीज करणारी 'डीयू' ही कमांड जागा सुटल्याचे सांगते. परंतु संपूर्ण डिस्कचा हिशेब देणारी 'डीएफ' मात्र शंभर टक्के भरल्याचेच दाखवत राहते. दोन्ही कमांड खरे सांगत असतात. युनिक्सच्या परंपरेत फाइल आणि फाइलीचे नाव या दोन वेगळ्या वस्तू आहेत. फाइलीचा मालक, परवानग्या, आकार आणि डिस्कवरील ठिकाणे ज्यात लिहिलेली असतात त्या नोंदीला 'आयनोड' म्हणतात, तिला फक्त क्रमांक असतो आणि तिच्यात फाइलीचे नाव नसते; नाव असते ते डिरेक्टरीत, त्या क्रमांकाशी जोडलेले. 'आरएम' ही कमांड ती जोडणी तोडते, एवढेच तिचे काम. शेवटचे नाव गेले आणि ती फाइल उघडून बसलेला एकही प्रोग्रॅम उरला नाही, या दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच लिनक्सचा गाभा असलेले कर्नेल जागा सोडते. येथे सेवेने फाइल उघडलेलीच असते, म्हणून ती नाव नसलेल्या फाइलीत निश्चिंतपणे लिहीत राहते आणि डिस्कवरचा भार कमी होण्याऐवजी वाढतच जातो.

उघड्या फाइलींची यादी देणारी 'एलएसओएफ' ही कमांड अशा बेवारस फाइली त्यांच्यापुढे 'डिलीटेड' असा शेरा मारून दाखवते, आणि मग सेवा रीस्टार्ट करणे हा सरळ उपाय उरतो. मुळात फाइल काढण्याऐवजी ती जागच्या जागी रिकामी केली असती, म्हणजे नाव व आयनोड तसेच ठेवून लांबी शून्यावर आणली असती, तर जागा तत्काळ सुटली असती. त्यातही एक खोच आहे. प्रोग्रॅमने फाइल 'शेवटी जोडत जा' या पद्धतीने उघडलेली असेल, तर पुढची ओळ रिकाम्या फाइलीच्या आरंभी पडते. तसे नसेल, तर तो आपल्या जुन्या जागेपासूनच पुढे लिहितो, आणि आरंभी अठरा जीबीची पोकळी असलेली फाइल तयार होते, जिचा आकार यादीत अवाढव्य दिसतो पण जिने डिस्कवर जागा मात्र जेमतेम अडवलेली असते. यादीतले दिसणे, डिस्कवरचे असणे आणि प्रोग्रॅमच्या लेखी असणे या तीन वेगळ्या अवस्था आहेत, आणि साफसफाई करणाऱ्याला तिन्हींचे भान ठेवावे लागते.

म्हणूनच डिस्क भरल्यावर होणारी साफसफाई ही तहान लागल्यावर विहीर खणण्यातला प्रकार असतो. त्या वेळी विचाराला उसंत नसते आणि सर्वांत मोठी फाइल सर्वांत निरुपयोगी मानली जाते, ज्याला काहीच आधार नसतो. यावरचा रूढ उपाय 'लॉगरोटेट' हा प्रोग्रॅम. रेड हॅट कंपनीत एरिक ट्रोन यांनी तो लिहिण्यास आरंभ केला आणि आज बहुतेक सर्व लिनक्स वितरणांत तो आढळतो. तो स्वतः अखंड चालत नाही. बहुधा दिवसातून एकदा जागा होतो, चालू लॉगचे नाव बदलून त्यापुढे एक हा आकडा लावतो, आधीच्या एकचा दोन आणि दोनचा तीन करतो, जुन्या फाइली कॉम्प्रेस करतो आणि ठरलेल्या संख्येपलीकडे गेलेली सर्वांत जुनी फाइल काढून टाकतो. नाव बदलल्यानेही आयनोड बदलत नाही, हे वर आलेच आहे; त्यामुळे नाव बदलल्यावर संबंधित सेवेला संकेत पाठवून नवी फाइल उघडायला लावावे लागते, आणि तोवर ती जुन्याच फाइलीत लिहीत असू शकते म्हणून ताज्या जुन्या फाइलीचे कॉम्प्रेस करणे एका फेरीने लांबवण्याची सोयही त्यात आहे. ज्या सेवेला असा संकेत समजत नाही तिच्यासाठी फाइलीची प्रत काढून मूळ फाइल रिकामी करण्याचा पर्याय आहे, मात्र प्रत पूर्ण होणे आणि फाइल रिकामी होणे यांच्यामधल्या क्षणात आलेल्या ओळी कायमच्या जातात. कॉम्प्रेस करण्यासाठी बहुधा १९९२ मध्ये आलेला 'जीझिप' वापरला जातो, आणि लॉगमध्ये तेच ते शब्द हजारो वेळा येत असल्याने मजकूर अनेकदा दहाव्या हिश्श्यावर येतो. 'झेडग्रेप' या कमांडने अशा फाइलींत त्या न उलगडताही शोध घेता येतो.

या व्यवस्थेचे सापळे तिच्या नियमांच्या अक्षरार्थात असतात. फाइल १०० एमबीपेक्षा मोठी झाल्यास ती बदलावी असा नियम लिहिला, तरी प्रोग्रॅम दिवसातून एकदाच जागा होत असेल तर मधल्या तेवीस तासांत ती ४० जीबीची होण्यास कोणतीच आडकाठी नसते. डिरेक्टरीतील सर्व फाइली असा सरसकट तारांकित नियम केला, तर आधी बदललेल्या फाइलीही पुन्हा बदलल्या जाऊन नावामागे आकड्यांची शेपटी वाढत जाते. 'फाइंड' या कमांडला ३० दिवसांहून जुन्या फाइली काढायला सांगितले, तर ती चोवीस तासांचे पूर्ण झालेले दिवस मोजून उरलेला अपूर्णांक सोडून देते, आणि प्रत्यक्षात ३१ दिवस पूर्ण झालेल्या फाइलीच तिच्या हाती लागतात. याच कारणाने काढण्याची आज्ञा देण्यापूर्वी तीच आज्ञा नुसती यादी दाखवण्यापुरती चालवून पाहणे, आणि लॉगरोटेटचे नवे नियम प्रत्यक्ष बदल न करणाऱ्या त्याच्या कोरड्या चाचणीतून नेणे, हा जाणत्या व्यवस्थापकांचा परिपाठ असतो. 'सिस्टमडी' या नव्या यंत्रणेतील 'जर्नलडी' ही नोंदसेवा वेगळ्या वाटेने जाते. ती नोंदी साध्या मजकुराऐवजी बायनरी स्वरूपात ठेवते आणि वेगळे काही सांगितले नाही तर फाइलव्यवस्थेच्या दहा टक्क्यांपर्यंत, पण जास्तीत जास्त ४ जीबी, एवढीच जागा घेऊन सर्वांत जुन्या नोंदी स्वतःहून सोडून देते. तिथे विसरणे मुळातच बांधलेले आहे, परंतु ते काळाने न ठरता जागेने ठरते, म्हणजे गडबडीच्या दिवसांत, जेव्हा नोंदींची गरज अधिक असते तेव्हाच, स्मृतीचा पल्ला आखूड होतो.

मुदत किती असावी, या प्रश्नाची उत्तरे जुन्या रचनांतही दडलेली सापडतात. सिसलॉगच्या रूढ स्वरूपाचे वर्णन करणारा २००१ चा दस्तऐवज पाहिला, तर त्यातील ओळीच्या आरंभी महिना, दिवस आणि वेळ आहे, वर्ष मात्र नाही. ओळ वर्षभर टिकण्याची अपेक्षाच नसेल, तर वर्ष लिहिण्याचे कारणही नसते. पुढे रायनर गेरहार्ड्स यांनी लिहिलेल्या २००९ च्या प्रमाणकाने वर्ष आणि कालविभाग दोन्ही सामावून घेतले, कारण तोवर लॉग एका यंत्रातून दुसऱ्या यंत्रात आणि एका देशातून दुसऱ्या देशात जाऊ लागले होते. भारतातील वाचकाला याचे महत्त्व निराळे सांगावे लागत नाही. जागतिक प्रमाणवेळेवर चालणाऱ्या सर्व्हरवर येथील पहाटे ३ वाजून १४ मिनिटांची घटना आदल्या तारखेच्या रात्री ९ वाजून ४४ मिनिटांच्या नोंदींत सापडते, आणि तारखेप्रमाणे जुन्या फाइली काढणारा चुकीच्या दिवसावर हात ठेवू शकतो.

लॉगरोटेटच्या सोबत येणाऱ्या नमुना नियमांत बहुधा आठवड्याला एक बदल आणि चार जुन्या फाइली, म्हणजे सुमारे २८ दिवसांची मुदत असते. संगणक सुरक्षेसंबंधीची भारतातील शासकीय यंत्रणा 'सर्ट-इन' हिने २८ एप्रिल २०२२ रोजी दिलेल्या निर्देशांनुसार मात्र सेवा पुरवणाऱ्या संस्थांनी आपल्या यंत्रणांचे लॉग सतत मागील १८० दिवसांपर्यंत सुरक्षित ठेवणे बंधनकारक आहे, आणि नोंदींच्या वेळा जुळाव्यात म्हणून यंत्रांची घड्याळे ठरावीक स्रोतांशी जुळवून ठेवण्याचेही त्यांत सांगितले आहे. कार्डाद्वारे होणाऱ्या व्यवहारांच्या आंतरराष्ट्रीय सुरक्षा प्रमाणकात ही मुदत एक वर्षाची असून त्यातील शेवटचे तीन महिने तत्काळ हाताशी असावे लागतात. नमुना फाइल तशीच ठेवणारा व्यवस्थापक म्हणजे निर्णय न घेता निर्णय घेणारा असतो. २८ दिवसांची मुदत त्याने निवडलेली नसते, ती त्याला लाभलेली असते. महाराष्ट्रातील सरकारी कचेऱ्यांत कागदांसाठी असलेली सहा गठ्ठा पद्धत या बाबतीत अधिक सजग म्हणावी लागेल, कारण तीत अभिलेख कक्षात पाठवायच्या आणि नष्ट करायच्या कागदांचे गठ्ठे वेगवेगळे बांधले जातात, आणि कोणता कागद कायमचा व कोणता अल्प मुदतीचा हे त्याच्या वर्गावरून आधीच ठरलेले असते, टेबलावर जागा उरली आहे की नाही यावरून नव्हे.

दीर्घ मुदतीच्या बाजूने सर्वांत बोलके उदाहरण १९८६ सालचे आहे. कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत खगोलशास्त्रज्ञ क्लिफर्ड स्टोल यांच्याकडे संगणकाच्या वापराच्या हिशेबातील ७५ सेंटची तफावत शोधण्याचे काम आले. ती तफावत दिसली ती वापराची नोंद ठेवणाऱ्या दोन व्यवस्था एकमेकींशी जुळेनात म्हणून, आणि तिचा माग घेता घेता जर्मनीतून अमेरिकी लष्करी संगणकांत शिरणारा एक घुसखोर सापडला, ज्याची हकिकत स्टोल यांनी १९८९ मध्ये 'द ककूज एग' या पुस्तकात लिहिली. घुसखोराच्या हालचाली टिपण्यासाठी त्यांनी येणाऱ्या वाहिन्यांना प्रिंटर जोडले, जेणेकरून संगणकात शिरलेल्याला त्या नोंदी दिसू नयेत आणि पुसताही येऊ नयेत. आज तेच तत्त्व लॉग तत्काळ दुसऱ्या यंत्राकडे पाठवण्याच्या रूपाने पाळले जाते, कारण रूटचे अधिकार मिळवणारा घुसखोर जुने लॉग साफ करण्यात कोणत्याही व्यवस्थापकाहून तत्पर असतो. साफसफाईचा अधिकार आणि पुरावा नष्ट करण्याचा अधिकार तांत्रिकदृष्ट्या एकच असल्यामुळे, ज्या यंत्रावर घटना घडतात त्या यंत्राच्या हाती त्यांची एकमेव नोंद असू नये, हा नियम यातून निघतो.

परंतु जपण्यालाही किंमत असते, आणि ती जागेच्या किमतीहून मोठी असू शकते. मे २०१८ मध्ये ट्विटरने आपल्या सुमारे ३३ कोटी वापरकर्त्यांना पासवर्ड बदलण्याची सूचना केली, कारण एका दोषामुळे पासवर्ड सांकेतिक रूपात जाण्याआधीच आतल्या लॉगमध्ये जसेच्या तसे लिहिले जात होते. पासवर्ड जपून ठेवणारी मूळ व्यवस्था कितीही काटेकोर असली, तरी तिच्या शेजारी बसलेला लॉग तो सहज बोलून जाऊ शकतो. पत्ते, खात्यांची नावे, शोधलेले शब्द, पान उघडण्याच्या वेळा, यांतून माणसाचा दिनक्रम उभा राहतो, आणि ज्या कारणासाठी तो गोळा झाला ते कारण संपल्यावरही तो पडून राहिला, तर चोरीला जाण्याची किंवा भलत्या हाती लागण्याची शक्यता तेवढीच उरते. मूळ फाइल काढली तरी तिच्या प्रती बॅकअपमध्ये आणि दूरच्या यंत्रांवर राहतातच, म्हणून मुदतीचा नियम या सर्व प्रतींना लागू झाल्याशिवाय त्याला अर्थ येत नाही. शिवाय न वाचता साठवलेल्या नोंदींच्या ढिगाऱ्यात कामाची ओळ सापडणे दुरापास्त होते. जुने सिसलॉग एकच संदेश वारंवार आला की तो इतक्या वेळा पुन्हा आला अशी एक ओळ लिहून थांबत असे, यातही साठवण्यापेक्षा वाचणाऱ्याची सोय पाहण्याचे शहाणपण होते.

या दोन टोकांमधील जागा प्रत्येक संस्थेने स्वतः शोधायची असते, आणि त्यासाठी फाइलींकडे आकाराने न पाहता त्यांना विचारल्या जाऊ शकणाऱ्या प्रश्नांच्या बाजूने पाहावे लागते. डीबगचा तपशील ज्या दोषासाठी लिहिला तो दोष दुरुस्त झाला की त्याचे प्रयोजन संपते. संकेतस्थळाच्या वर्दळीच्या नोंदींचे आकडे काढून झाले की मूळ पत्ते ठेवण्याचे समर्थन अवघड होते. प्रवेशाच्या आणि अधिकारबदलाच्या नोंदी मात्र घुसखोरी उशिरा उघड होते हे लक्षात घेऊन दीर्घकाळ आणि दुसऱ्या जागी ठेवाव्या लागतात. हे ठरले की लॉगरोटेटच्या कॉन्फिग फाइलीत ते चार-सहा ओळींत मावते. त्याच फाइलीत विशिष्ट चिन्हाने सुरू होणाऱ्या ओळी प्रोग्रॅम वाचत नाही, त्या माणसांसाठी असतात, आणि मुदतीचे कारण, ती ठरवणाऱ्याचे पद व फेरविचाराचा महिना तेथे लिहिण्याची पद्धत जेथे आहे, तेथे पुढच्या व्यवस्थापकाला आकडा आंधळेपणाने पाळावा किंवा बदलावा लागत नाही. कायदे बदलतात, सेवा बदलतात, धोके बदलतात, आणि गेल्या वर्षी योग्य असलेली मुदत या वर्षी आखूड किंवा लांब ठरू शकते. फाइल बदलणे, कॉम्प्रेस करणे आणि वेळेवर काढून टाकणे ही कामे यंत्र न कंटाळता करते. आकडा २८ का, १८० का, की ३६५ का, याचे उत्तर मात्र कोणातरी माणसाला देता आले पाहिजे, आणि ते डिस्क भरण्यापूर्वी देता आले पाहिजे.